गडद कपड्यांवरचे डाग

हॉटेलच्या मॅनेजरने कोट काउंटरवर आपटला, तेव्हा पोलीस एक शर्ट हनुवटीखाली दाबून त्याच्या बाह्या दुमडत होती.

पोलीस म्हणजे लाँड्रीच्या मालकाची धाकटी बहीण. हे नाव तिला दादानेच ठेवलेलं. कशावरही पटकन विश्वास ठेवणं तिच्या रक्तातच नव्हतं. भाजीवाल्याने दोन टोमॅटो वर टाकले तर ती पिशवी उलटी करून आधीचे तपासायची. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, खाली गिऱ्हाइकं सांभाळायची आणि कपड्यांच्या घड्या घालायची. तिने घातलेली घडी महिनाभर कपाटात राहिली तरी मोडत नसे.

"हे काय आहे?" मॅनेजर म्हणाला.

कोट गडद निळा होता. कॉलरच्या खाली नारिंगीकडे झुकणारा फिकट डाग पडला होता आणि त्याच्या खाली बोटं पुसल्यासारखे आणखी दोन.

"इथून गेला तेव्हा नव्हते," ती म्हणाली.

"मग माझ्या कपाटात पडले?"

"तुमच्या कपाटात काय काय असतं ते मला काय माहीत?"

दादाने घाईघाईने मधे पडून कोट ठेवून घेतला, पाणी विचारलं, माफी मागितली. मॅनेजर गेल्यावर तो बहिणीला म्हणाला, "अगं, गिऱ्हाईक आहे ते. आरोपी नाही."

"आपल्याकडून नवा कोट उकळायचा डाव नसेल कशावरून?"

दादाने कपाळाला हात लावला.

तिचा पारा त्या दिवसांत असाही चढलेलाच असायचा. तिशी उलटून बरीच वर्षं झाली होती आणि आता तिच्या हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, लालबुंद फोड यायला लागले होते. साध्या पुटकुळ्या नव्हेत, आत गाठ असलेले, ठणकणारे. हसलं तरी दुखायचं, म्हणून तिने हसणं सोडलं होतं. ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. कोट परत येण्याच्या काही आठवडे आधी वहिनीच्या आग्रहावरून ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरबाईंनी दिव्याखाली चेहरा नीट पाहिला आणि एक जेल लिहून दिलं.

"रात्री चेहरा धुऊन कोरडा करायचा आणि मटाराच्या दाण्याएवढं जेल पातळ पसरायचं. नुसतं फोडावर थापायचं नाही. सुरुवातीला एक रात्र सोडून एक रात्र. कातडी कोरडी पडेल, थोडी सोलवटेल, घाबरू नका. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात."

"दोन-तीन महिने?" पोलिसाच्या मनात पाल चुकचुकली. "म्हणजे ट्यूबा बऱ्याच लागणार."

"एक-दोन."

"आणि औषधाचं दुकान तुमच्या दवाखान्याला लागूनच आहे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही हवं तर दुसरीकडून घ्या. आणि टॉवेल, उशीचा अभ्रा पांढरा वापरा, कारण..."

"आमची लाँड्री आहे," ती ताडकन म्हणाली. "स्वच्छता आम्हाला शिकवू नका."

घरी येऊन तिने जेल हुंगून पाहिलं, कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहिलं, आणि तिथे काही झालं नाही तेव्हा औषधात दमच नाही असा निष्कर्ष काढला. तरी ट्यूब आणलीच होती. रात्री ती सांगितल्याप्रमाणे लावू लागली. पण आठवड्यात फोड जाईनात, तेव्हा तिने ठरवलं की बाई मुद्दाम कमी लावायला सांगतायत, आजार लांबावा म्हणून. मग ती सकाळी दुकानात उतरण्यापूर्वीही प्रत्येक फोडावर एक जाडसर ठिपका ठेवू लागली. हात धुण्याइतकी सवड सकाळी कुणाला होती?

मॅनेजरच्या कोटानंतर एका शिक्षिकेची काळी शाल परत आली. मग एका वादकाचा जांभळा सदरा. सगळ्यांवर तेच फिकट डाग, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, घरी नेलं तेव्हा नव्हते, एक-दोन दिवसांनी उमटले.

आता मात्र गिऱ्हाइकं खोटारडी म्हणून चालेना. एकमेकांना न ओळखणारी तीन माणसं एकच थाप कशी मारतील? म्हणजे पाणी दुकानातच मुरत होतं. पोलिसाची नजर मागच्या खोलीत इस्त्री करणाऱ्या काकूंवर गेली.

काकू येऊन फार दिवस झाले नव्हते. धिप्पाड, कमी बोलणाऱ्या, हाताला चपळ. एक सवय होती त्यांना, उकाड्यात उभं राहून काम करताना लिंबू पिळलेलं पाणी सारखं पीत. लिंबू! आंबट रसाने रंग उडतो हे कुणीही सांगेल. पोलिसाने पाळत सुरू केली. काकू लिंबू कापायच्या तेव्हा ती काही ना काही कारण काढून आत डोकवायची.

"काय पाहिजे गं?" काकूंनी एकदा विचारलं.

"काही नाही. सुरी कुठे ठेवता बघत होते."

"का? कुणाला मारायचंय?"

काकू बाहेर गेल्या तेव्हा तिने त्यांच्या बाटलीतलं पाणी काळ्या चिंधीवर ओतून ठेवलं. दोन दिवस झाले तरी चिंधी काळीच राहिली. याने तिचा संशय कमी व्हायचा, तर उलट वाढला. म्हणजे लिंबू नुसतं दाखवायला, आणखी काहीतरी असणार! समोरच्या बाजूला नवी लाँड्री निघाली होती. काकू येता-जाता तिथल्या मालकिणीशी बोलताना तिने पाहिल्या होत्या.

"दादा, ही बाई त्यांचं माणूस आहे. आपलं गिऱ्हाईक तोडायला पाठवलीय."

"काहीतरीच तुझं."

"मग डाग तू पाडतोस की मी?"

चौथा कपडा परत आला त्या दिवशी दादाने खाली मान घालून काकूंना सांगितलं, थोडे दिवस येऊ नका. काकूंनी आवाज चढवला नाही. इस्त्रीचा प्लग काढला, ती थंड व्हायला आडवी न ठेवता उभी ठेवली आणि पिशवी उचलली. दारात पोलिसासमोर क्षणभर थांबल्या.

"लिंबाची फोड तिकडे राहिलीय," त्या म्हणाल्या. "पुरावा म्हणून ठेव."

त्यानंतर इस्त्री दादाच करू लागला. रविवारी वहिनीने पोलिसाला घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर ती सोफ्यावरच्या मरून उशीवर गाल टेकून तासभर झोपली. बुधवारी वहिनी तीच उशी काखेत मारून दुकानात हजर झाली.

"ताई, उभ्या राहा जरा."

"का?"

"राहा म्हणते ना."

वहिनीने उशी तिच्या चेहऱ्याजवळ धरली. उशीवर हनुवटीचा आणि जबड्याचा फिकट नारिंगी ठसा उमटला होता. शेजारी बोटांचे तीन.

"आमच्या घरी काकू आल्या नव्हत्या," वहिनी म्हणाली. "तुम्ही आला होतात."

पोलिसाने मनातल्या मनात आपली खोली तपासली. वरच्या खोलीत तिचे सगळे अभ्रे, सगळे टॉवेल पांढरेशुभ्र, हॉटेलातून बाद झालेले. त्यांच्यावर काय दिसणार? तिने डॉक्टरबाईंना फोन लावला.

"हो, त्या औषधाने कपड्याचा रंग उडतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या दिवशी मी तेच सांगत होते. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. किती वेळा लावता?"

"दोनदा. जरा जास्तच."

"म्हणूनच तुमची कातडी जळजळत असेल. एकदाच, रात्री, पातळ. लावून झालं की हात साबणाने धुवा. सकाळी चेहरा धुतल्याशिवाय कपड्यांना हात लावू नका."

तरीही तिने काळ्या चिंधीवर जेलचं बोट पुसून पाहिलं. डॉक्टरचं काय, सांगतील काहीही. सकाळपर्यंत चिंधीवर नारिंगी बोट उमटलं होतं. ती चिंधी घेऊन ती खाली उतरली. मग दादाला सांगितलं. दादा आत जाऊन बंद इस्त्रीकडे पाहून आला. त्याने रागवायला हवं होतं, असं तिला वाटलं.

मॅनेजरला सांगायला ती स्वतः हॉटेलवर गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"फोडांच्या औषधाने माझा कोट गेला?"

"हो."

"आता खरं सांगा. कुणाला वाचवताय?"

तिने शपथा घेतल्या, हनुवटी पुढे करून दाखवली. त्याचा विश्वास बसेना. परत येताना तिच्या लक्षात आलं, आपण खरं बोलत असताना कुणी असं पाहत राहिलं की काय होतं ते. आणखी जोरात बोललं की आपलंच बोलणं आपल्याला खोटं वाटायला लागतं. काकूंनी तर स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही खर्चला नव्हता.

काकू समोरच्या लाँड्रीत मिळतील असं तिला अजूनही आतून वाटत होतं. त्या तिथे नव्हत्या. तिथल्या मालकिणीने सांगितलं, "माझी मुलगी त्यांच्या शेजारी राहते, म्हणून आम्ही बोलायचो. काम मागायला त्या कधीच आल्या नाहीत."

काकू घरीच होत्या, दाराच्या पायरीवर बसून धान्य निवडत होत्या. पोलीस उभीच राहिली. कुणी बस म्हणालं नाही.

"काकू, डाग माझ्यामुळे पडले. हे औषध..."

"माहीत आहे. तुझी वहिनी येऊन सांगून गेली."

"मग..."

"मग काय? तिने सांगितलं ते तिने सांगितलं. तू काय सांगायला आलीस?"

पोलीस म्हणाली, "मी दादाला सांगितलं होतं की तुम्ही समोरच्यांच्या हेर आहात. तुमची बाटली तपासली. काही सापडलं नाही तरी तुम्हाला घालवलं."

काकूंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "बाटली पण?"

"बाटली पण."

"पाणी प्यायलीस का?"

"चिंधीवर ओतलं."

काकूंच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. ते हसू होतं की चीड, पोलिसाला ओळखता आलं नाही. "जा आता," त्या म्हणाल्या. "मला विचार करू दे."

त्या विचार करत राहिल्या आणि पोलीस जेल लावत राहिली, रात्री, मटाराएवढं, पातळ. हात ती दोनदा धुवायची. जळजळ थांबली. नवे फोड यायचे कमी झाले, जुन्यांची गाठ विरत गेली, मागे तांबूस खुणा राहिल्या.

एका सोमवारी दुकान उघडलं आणि काकू सरळ मागच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. दादाशी त्या पूर्वीसारख्याच बोलल्या. पोलिसाशी एक अक्षर नाही. ती चहा ठेवून यायची, त्या प्यायच्या आणि रिकामा कप दादाच्या हाती पाठवायच्या. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा ती गर्दीत एक पँट घाईघाईने दुमडत होती, तेव्हा काकू मागून आल्या आणि तिच्या हातातून पँट ओढून घेतली.

"शिवण शिवणीवर आली नाहीये," त्या म्हणाल्या. "इकडे बघ, दाखवते."