नऊ फायलींतला पंच

नववी फाईल उघडली आणि विनताच्या तोंडाची चवच गेली. पंच क्रमांक दोन, पुंडलिक मेश्राम. पहिल्या फायलीत तिला वाटलं होतं, असेल त्याच नावाचा दुसरा कोणी. पण ती सही? आठवीत असताना तिनंच बापाकडून गिरवून घेतली होती.

विद्यापीठात ती फौजदारी न्याय आणि मानवी सुरक्षा या विषयात एम.ए. करत होती, आणि प्रबंधासाठी कोर्टातले जप्तीचे पंचनामे वाचत होती. पोलिसांना माल सापडला की दोन परक्या माणसांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच सही करायची, असा कायदा. इथे तिच्या बापानं एकाच दिवशी अकरा वाजता शहराबाहेर पनागरला सुरा जप्त होताना पाहिला होता आणि सव्वाअकराला भर शहरात, नेपियर टाउनात, चोरीची स्कूटर. विमानानं गेला होता काय? पोलीस ठाण्याच्या भिंतीला टेकून त्याचं पंक्चरचं दुकान. दुपारच्या डब्याआधी तो तिथून हलत नसे, हे पोरीला ठाऊक नसणार तर कोणाला?

तिनं गाईड चौधरी सरांना सगळं दाखवलं. मानवी सुरक्षेवर बोलताना वर्गात या माणसाचा गळा दाटून यायचा. समोसा खात ते म्हणाले, "बेटा, ये तो हर थाने में होता है. नाम हटा दो, बाकी बढ़िया है." शी! कुंपणानंच शेत खाल्लं, तर राखण शिकवायची कशाला? तिला सरांची किळस आली, आणि घरी जाताना बापाचीही.

बापाला मात्र ऐकून आनंदच झाला. माझं नाव कोर्टाच्या इतक्या कागदांवर आहे, म्हणून तो शेजारच्या बेबीताईला सांगायला उठला. ठाण्यातले साहेब त्याला पुंडलिकजी म्हणत, बसायला खुर्ची देत, फुटपाथवरचं दुकान कोणी हलवत नसे. बदल्यात काय, तर एक दस्तखत. विनतानं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"पनागरचा सुखराम. त्याच्या घरात सुरा निघाला, तो तुम्ही पाहिला?"

"मी कायले जातो तिकडं? कागद कोरा होता. हवालदार म्हणे, सही करा, मी केली."

"तो माणूस आठ महिन्यांपासून जेलात आहे, बाबा. तुमच्या सहीवर."

"मले वाटे, कागद कपाटात पडून रायते," तो म्हणाला.

इतकी वर्षं कोऱ्या कागदांवर सह्या! विनताला ओरडावंसं वाटलं, पण ज्या दुकानाच्या जिवावर ती शिकत होती ते त्याच खुर्चीवर उभं होतं. मग तोंड कोणत्या हक्कानं उघडायचं? तिला स्वतःचीही शिसारी आली.

सोमवारी सुखरामच्या खटल्यात पुंडलिकची साक्ष होती. आदल्या दिवशी हवालदार गणपत काय बोलायचं ते पढवून गेला होता. विनता मागच्या बाकावर बसली होती. सरकारी वकिलानं कागद पुढे धरला. सही आपलीच, असं पुंडलिकनं सांगितलं. सुरा आपल्यासमोर जप्त झाला का, या प्रश्नावर त्यानं पिंजऱ्यातल्या वाळलेल्या माणसाकडे पाहिलं. आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच त्याला बघत होता.

"नाही साहब. कागज कोरा था."

वकिलानं त्याला तिथल्या तिथे फितूर ठरवून घेतलं. आजवर खोट्यावर सही करत होता तोवर भला पंच होता, आणि खरं बोलला तसा फितूर झाला!

सुखरामला पंधरा दिवसांत जामीन मिळाला. दुकान त्याआधीच उठलं. गणपतनं स्वतः उभं राहून टपरी उचलायला लावली आणि पुंडलिककडे बघून थुंकला. चौधरी सरांनी निरोप पाठवला, घरचाच माणूस गुंतलाय, विषय बदला. विनतानं नाव न काढता प्रबंध तसाच जमा केला. पुढचं काय ते होईल.

पुंडलिक आता घरीच असतो. एका दुपारी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाकी आठांत कोण कोण हाये? वाच."

ती वाचू लागली. तिसऱ्या नावाला त्यानं विचारलं, "याले किती सजा झाली?"

"सात वर्षं."

बसायला तिनं खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"पुढचं वाच," तो म्हणाला.