आखूड दस्त्याची वीस बोर

होय, बोलतेय ती मीच, आखूड दस्त्याची वीस बोरची बंदूक. माझ्या अंगावर नक्षी नाही. लाकूड अक्रोडाचं नाही, साधं बर्चचं, वर तपकिरी रंग फासलेला. तरीही मी कुणापुढे मान खाली घालत नाही. का घालत नाही, ते ऐकाच.

कारखान्यात माझ्यासारख्या ढिगाने तयार व्हायच्या. कुणी कौतुकाने हात फिरवला नाही. मला पहिल्यांदा विकत घेतलं ते दक्षिण डाकोटातल्या एका ठेंगण्या पोस्टमनने. पहिल्याच आठवड्यात त्याने माझा दस्ता करवतीने दोन बोटं कापला आणि टोकाला रबराची गादी ठोकली. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण मग त्याने मला वर्षानुवर्षं मक्याच्या कापलेल्या रानांतून हिंडवलं आणि फेझंट नावाच्या रानपक्ष्याचे लांब शेपटीचे कोंबडे पाडले. तो गेला आणि मुलांनी मला व्हर्जिलच्या बंदुकांच्या दुकानात आणून टाकलं.

दुकानात मी मागच्या भिंतीशी उभी असायचे. गिऱ्हाईक यायचं, मला खांद्याला लावायचं, भिंतीवरच्या हरणाच्या डोक्यावर नेम धरायचं आणि म्हणायचं, "हिची कुणीतरी वाट लावलीय." असं म्हणून मला ठेवायचं आणि दिमाखदार बंदुकांकडे वळायचं. नेम धरलेलं ते हरीण जन्मात उडणार नव्हतं, हे एकाच्याही ध्यानात येत नसे.

ऑगस्टच्या एका दुपारी आर्लिस ब्रेके आली. नवऱ्याला, लॉइडला, जाऊन वर्ष उलटलं होतं. त्याची बारा बोर तिने उचलून पाहिली होती, पण ती जड आणि लांब, खांदा काळानिळा करणारी. आर्लिसला हलकी आणि परवडणारी बंदूक हवी होती. तिचा दीर मर्ल आधीच तिथे होता. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात तो एक चकचकीत इटालियन दुनळी खांद्याला लावून बघत होता, आणि ती खांद्यावर बसलीही अशी, जणू त्याच्यासाठीच केलेली.

आर्लिस गाडीकडे गेली आणि लॉइडचा कॅनव्हासचा जाड कोट अंगात चढवून परत आली. आत मळकट लोकरी स्वेटरसुद्धा. त्या उकाड्यात सगळं दुकान हसलं. तिने एकेक बंदूक उचलली आणि चटकन खांद्याला लावली. प्रत्येकीचा दस्ता काखेत अडकला. मग तिने मला उचललं. मी अलगद वर गेले.

"घाम बघ किती आलाय तुला," मर्ल म्हणाला. "बंदूक घेतेयस की ताप उतरवतेयस?"

"त्या कोटाची काख दरवर्षी मीच शिवलीय," ती म्हणाली. "फाटायची कशाने, ते मला ठाऊक आहे."

मर्लने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मनातलं बोलून टाकलं. फ्रीडा, म्हणजे लॉइडची ठिपक्यांची शिकारी कुत्री, त्याला हवी होती. मागच्या शरदात फ्रीडाने गवतात पक्षी हुडकला, एक पाय उचलून पुतळ्यासारखी उभी राहिली आणि मागे वळून पाहिलं. बंदूकच नव्हती. पक्षी उडून गेला. असं पुन्हा पुन्हा झालं आणि शेवटी ती रानात आडवीच झाली, उठेना.

"कुत्री खचतेय, आर्लिस," तो म्हणाला. "तिच्यामागे पक्षी पाडणारं माणूस हवं. तुला जमत नसेल तर मला दे."

हे खरं होतं आणि आर्लिसला ते कळत होतं, म्हणून तर तिचा चेहरा पडला. घरात तिच्याशिवाय श्वास घेणारं तेवढं एक कुत्रंच होतं. तिने मला छातीशी धरलं.

"नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण येईपर्यंत थांब," ती म्हणाली. "तोवर तिच्यापुढे पक्षी पडला नाही, तर मीच आणून सोडीन."

हंगामाच्या पहिल्या दिवशी नारिंगी टोप्या घातलेल्या शिकाऱ्यांची रांग उंच गवतातून निघाली. फ्रीडाने पक्षी हुडकून दाखवला, कोंबडा फडफडत उठला आणि आम्ही चुकलो. पुन्हा चुकलो. पुढे मादी उठली, मादीवर गोळी झाडायला कायद्याने बंदी. जेवताना मर्लने ट्रकच्या फळीवर बसून सगळ्यांना सांगितलं, की वहिनीची बंदूक फार दयाळू आहे. ऐका, चूक माझी नव्हती. आर्लिस पक्ष्यापुढे नळी नेऊन तिथेच थांबवत होती, आणि पक्षी काही थांबत नव्हता.

पण ती रडत बसली नाही. रोज सकाळी मला रिकामीच हातात घेऊन ती गोठ्यावरून उडणाऱ्या कबुतरांमागे नळी फिरवू लागली, चाप ओढल्यावरही फिरवतच राहायची. शेजारणीने विचारलं, तर म्हणाली की गोठ्याला वारा घालतेय.

थँक्सगिव्हिंगची सकाळ उजाडली. टर्की ओव्हनमध्ये, बाहेर बर्फ, अंगात सगळ्यांच्या जाड कोट. पाणथळीच्या कडेला फ्रीडा थबकली. पाय वर. तिने मागे वळून आर्लिसकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

कोंबडा ओरडत उठला तो मर्लच्या बाजूला. मर्लने इटालियन दुनळी उचलली आणि तिचा दस्ता कोटाच्या काखेत रुतून बसला. त्याने हिसका दिला, शिवी दिली, एक बार आभाळात गेला. तोवर पक्षी आमच्यासमोरून आडवा निघाला होता. मी खांद्याला लागले, नळी फिरली, फिरतच राहिली. कोंबडा बर्फात कोसळला.

"माझे छर्रे लागले," मर्ल म्हणाला आणि हात पुढे करून उभा राहिला. "ये, फ्रीडा. इकडे आण."

फ्रीडा पक्षी तोंडात घेऊन आली. मर्लच्या पसरलेल्या हाताला वळसा घालून ती गेली, आर्लिसपुढे बसली आणि मान वर केली. आर्लिसने बर्फात गुडघे टेकून पक्षी घेतला आणि तिच्या ओल्या मानेत तोंड खुपसलं. मर्लने हात खिशात घातला. मी आनंदाने गरम झाले होते, हवं तर म्हणा, बार उडाल्यामुळे.

आता माझ्या अंगावर ओरखडे वाढलेत, रंग आणखी उडालाय. गेल्या शरदात मर्ल फ्रीडाला एका दिवसासाठी न्यायला आला. त्या इटालियन दस्त्याला करवत लावायची त्याची हिंमत होत नाही, म्हणून तो मलाही घेऊन गेला. संध्याकाळी मला स्वच्छ पुसून, तेल लावून आर्लिसच्या स्वयंपाकघरात उभा राहिला. किती घेशील, त्याने विचारलं.

"कुत्रीचे?" आर्लिसने विचारलं.

"नाही," तो खाली बघत म्हणाला. "बंदुकीचे."

 आर्लिसने त्याच्या हातातून मला काढून घेतलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. तेव्हा मंडळी, मला निरोप द्या. मी विकायला नाही.