हॉलमध्ये बसवलेला उजेड

सर, तुम्ही त्रिशलाक्काच्या स्वयंपाकघरातला उजेड काढून हॉलमध्ये लावलात आणि तिला विचारलं नाहीत. साधा नळ हलवायचा झाला तरी गवंडी घरच्या बाईला हाक मारतो. तुम्ही उजेड हलवलात.

मंगळवारी सकाळी दहाला दस्तगीर मिस्त्री पटाशी घेऊन आला. खिडकीच्या चौकटीभोवती त्यानं चारी बाजूंनी हलकं हलकं ठोकलं, जिथं उजेड भिंतीला घट्ट धरून बसला होता तिथं पाणी मारलं, आणि अख्खा उजेड एका तुकड्यात सुटा केला. एका कोपऱ्यात जरा चिरला, तेवढंच. मग तो जुन्या चादरीत गुंडाळून, खांद्यावर टाकून हॉलमध्ये नेला आणि सोफ्याच्या वर बसवला.

"जपून जा, दारात अडकंल," त्रिशलाक्का म्हणाली. सवयीनं म्हणाली. नंतर तिला त्याचाच राग आला.

खिडकी होती तिथंच राहिली. बाहेर लख्ख दिवस होता. समोरच्या गच्चीवरच्या चादरी मोजता येत होत्या. फक्त तो दिवस खिडकीच्या गजांपर्यंत यायचा आणि थांबायचा.

आता तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. इचलकरंजीच्या त्या गल्लीत त्रिशला चौगुले गेली सव्वीस वर्षं त्या खिडकीखाली बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली वांगी आणि जांभळा एकसारखे दिसतात, हे कोणतीही बाई सांगेल. म्हणून बायका साडी घेऊन तिच्याकडे यायच्या. अक्काच्या खिडकीत धरून बघ, म्हणायच्या. उत्तरेचा उजेड, कोणाची भीड न ठेवणारा. त्यात धरलं की रंग स्वतःहून खरं सांगायचा आणि अक्का डब्यातून बरोबर रीळ काढायची. धागा कुठून कुठं गेला ते शोधून सापडायचं नाही. तिचं नाव एवढ्यावरच होतं.

घराचं काम काढलं ते सन्मतीसाठी. तिचा एकुलता मुलगा. रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार होते. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी शीतलराव, म्हणजे तिचा नवरा, खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवून म्हणाला होता, "घर पार उलटं केलं तरी ही खिडकी तुझी. तिला कोण हात लावणार नाही." तो यंदाच पतसंस्थेचा संचालक झाला होता. हात ठेवून बोलायची सवय लागली होती.

तुम्ही या कामाचे आर्किटेक्ट, पण तुम्हाला कोणी पाहिलं नाही. रोज सकाळी दाराच्या कडीत गुंडाळलेला नकाशा सापडायचा. शीतलराव तो उघडायचा, दस्तगीर बघायचा, काम सुरू. काही विचारलं की उत्तर एकच, सरांनी सांगितलंय.

बुधवारी तुमचा रंग आला. डब्यावर नाव नव्हतं, फक्त आकडा. भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा असतो तो रंग. दस्तगीरनं तो हॉलच्या भिंतींना लावला. दुपारपर्यंत घरातलं जे जे नकाशात काढलेलं नव्हतं त्या सगळ्याला तो चढला. शेगडी नकाशात होती, ती राहिली. फ्रिज होता, तो राहिला. रिळांचा डबा नव्हता.

अक्कानं झाकण काढलं. आत सगळी रिळं पुठ्ठ्याच्या रंगाची. तिनं एक नखानं खरवडलं. एकाचा धागा दातानं तोडून, थुंकी लावून बघितला. ओला पुठ्ठा.

मग ती डबा घेऊन हॉलमध्ये गेली. तिथं रंग परत आले. पण तो उजेड आता तिचा नव्हता, तुम्ही त्याला काहीतरी केलं होतंत. त्यात सगळंच बरं दिसायचं. फाटका टॉवेल बरा दिसायचा, शीतलरावचं पोट बरं दिसायचं. पिवळ्या साडीवर कोणतंही रीळ ठेवा, छान.

गुरुवारी मागच्या गल्लीतली मालन साडी परत घेऊन आली. आदल्या दिवशी हॉलमध्ये बसून अक्कानंच तिला फॉल लावला होता.

"रागावू नको अक्का. पण ह्यो धागा बघ की."

आंब्याच्या पिवळ्या साडीला खालून गुलाबी टाका होता, हातभर लांबून दिसेल असा.

"खिडकीत धर," मालन म्हणाली, आणि मग खिडकीकडं बघून तिनं साडीची घडी घातली. जाताना दारात म्हणाली, "डोळं तपासून घे बाई एकदा. वय झालं की व्हतंय. मी ह्यावेळी दुकानातच देते."

शुक्रवारी स्वयंपाकघर अरुंद व्हायला लागलं. अक्कानं शिलाईची टेप लावून बघितली. टेप नऊ फूट सांगत होती. हात पसरले तर दोन्ही तळवे दोन्ही भिंतींना टेकत होते. तिनं परत मोजलं. नऊ फूट. कोपर दुमडले, तर कोपर टेकले. तिकडं हॉल लांबत होता. सोफ्यावरून शीतलराव हाक मारायचा ती आता थोडी उशिरा पोचायची.

"आई, ओपन लेआउट असतंय आता सगळीकडं," सन्मती म्हणाला. तो बराच लांब उभा होता, मोबाइलमध्ये बघत.

शनिवारी फाइल तिच्या हाताला लागली. हॉलच्या टेबलावरच होती, कोणी लपवलीही नव्हती. त्यात तुम्ही घरातल्या एकेका जागेबद्दल प्रश्न विचारले होते, सर. म्हणजे विचारायचं कसं ते तुम्हाला येतं. फक्त कोणाला, ते येत नाही. "उत्तरेची खिडकी. इथे कोण बसतं? काय काम चालतं?" त्याखाली शीतलरावच्या गोल अक्षरात लिहिलेलं. कोणी नाही. काही नाही.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"सरांनी विचारलं होतं."

"मी कुठं बसते?"

"अगं, आता त्यांना काय सांगू? बायको गल्लीतल्या साड्यांना फॉल लावते म्हणून? उद्या पाव्हणे येणार."

"लावतेच की. सन्मतीचं इंजिनिअरिंग कशावर झालं?"

"तेच म्हणतोय मी. झालं न्हवं? आता कशाला वर काढायचं ते?" तो हे मायेनंच बोलत होता. पाय लांब करून त्यानं तिच्या उजेडात ठेवले होते, आणि त्याची बोटं फार सुंदर दिसत होती.

"खोडा ते."

"पेनानं लिहिलंय. आणि एक प्रत सरांकडं गेली."

सव्वीस वर्षं माणूस शेजारी बसून जेवतो आणि तुम्ही विचारल्यावर दोन शब्दांत बाईला पुसून टाकतो, आणि तुम्ही लगेच खरं धरता. खिडकीखालचा तिचा पाट तुम्हाला दिसला नाही? बसून बसून त्याला खड्डा पडलाय.

रविवारी अकराला पाव्हणे आले. मुलगी श्रुतिका, तिची आई, आणि चहा न पिणारे एक मामा. तोवर स्वयंपाकघर कपाटाएवढं झालं होतं. अक्का आत आडवी उभी होती, छातीला डबा धरून. पाठीला एक भिंत, डब्याला दुसरी. बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"उजेड काय सुरेख आहे हो," मुलीची आई म्हणाली.

"खास करून घेतलाय," शीतलराव म्हणाला.

"विहीणबाई दिसत नाहीत?"

थोडा वेळ कागद उलगडल्याचा आवाज आला. शीतलराव नकाशा बघत होता.

"गावाला गेल्यात," तो म्हणाला.

अक्का तिरकी होऊन बाहेर आली. हातात मोठी कात्री होती. कोणाला नमस्कार न करता ती सोफ्यापाशी गेली, गुडघे टेकून बसली आणि उजेडाची खालची कड चिमटीत धरून कापायला लागली. पाव्हण्यांनी, अडचण होऊ नये म्हणून, पाय वर घेतले.

"त्रिशला, माणसं बसल्यात," शीतलराव म्हणाला.

"बसू देत. मला खिडकीपुरताच पाहिजे."

कापड कापताना समोरचं टोक कोणीतरी ताणून धरावं लागतं, नाहीतर कात्री वाकडी जाते. श्रुतिका उठली आणि तिनं टोक धरलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"असं?" तिनं विचारलं.

"जरा वर. हां."

कात्री जशी पुढं गेली तसा शीतलरावचा एक खांदा अंधारात गेला, मग कान, मग मामांची वाटी. अक्कानं तुकडा चौघडी घालून काखेत धरला, डबा उचलला आणि आली तशीच तिरकी आत गेली.

तिच्यामागं दोन्ही भिंती मिटत आल्या, मधे बोटभर भेग उरली. तेवढ्या भेगेतून आता उजेड बाहेर येतोय, उत्तरेचा, थंड. समोरच्या भिंतीवर त्याचा सरळ पट्टा पडलाय आणि त्या पट्ट्यात तुमचा रंग कसा दिसतो ते तुम्ही येऊन बघा. आतून तिचा आवाज ऐकू येतोय. ती एकेक रीळ काढून नाव घेतेय. मोरपंखी. डाळिंबी. राणी. हॉलमध्ये सगळ्यांनाच ऐकू येतंय. सन्मतीनं मोबाइल खिशात ठेवलाय, पण पाय उचलला नाही.

"भेग कसली ती?" शीतलराव म्हणतोय. "नकाशात नाही. मिस्त्री, बुजवून टाक."

राहिलेल्या कामासाठी आलेला दस्तगीर पुट्टी घेऊन उभा आहे. पुट्टी लावायचा पत्रा भेगेपर्यंत नेतो आणि मागं घेतो. "वहिनी हायत आत," तो म्हणतो. "सरांना विचारा." श्रुतिकेनं भेगेत चार बोटं घातली आहेत आणि ती काढत नाही.

पुट्टी पत्र्यावर वाळायला लागली आहे, सर. आत बाई आहे. हे आता कोणी तुम्हाला सांगितलं नाही असं म्हणता येणार नाही. भरायची की नाही, ते बोला.