दोन घरांचा एक राउटर

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो. बैठकीच्या खोलीत कपाटावर, मिक्सरच्या रिकाम्या खोक्याशेजारी धूळ खात बसलेला असतो. माझा एक अँटेना मोडला आहे, त्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे. पाठ कायम तापलेली. वय तसे फार नाही, पण आमच्यात म्हातारपण लवकर येते.

खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्या दोन घरांनी मिळून मला आणले, तेव्हा माझे कोण कौतुक झाले! मी खालच्या घरात असतो; इथले बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. ते मला रोज मऊ फडक्याने पुसायचे. आता माझ्याकडे कोणी पाहते ते फक्त नेट गेल्यावर, आणि तेही रागाने. तरी गाडा ओढतो आहे. मुलांची गाणी, गप्पा, रुसवे, कोणाचे जेवणाचे फोटो, कोणाचे नुसतेच तोंड वाकडे केलेले फोटो, सगळे माझ्यातूनच जाते. खरे सांगतो, वीट आला आहे.

या घरात एक मुलगी आहे, नववीतली. वर तिच्याच वर्गातली मैत्रीण राहते. तिला सगळे 'वरची'च म्हणतात. वरची बोलताना अडखळते. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचे भाषण ती आमच्या मुलीसमोर म्हणून बघायची, कारण तेवढ्या एकाच माणसासमोर तिला लाज वाटत नसे.

आणि आमच्या मुलीने नेमके तेच चोरून टिपले. 'पाणी' शब्दावर वरची अडकली होती, तेवढाच तुकडा कापून तिने आपल्या खात्यावर टाकला. मीच तो वाहून नेला. बघता बघता हसऱ्या चेहऱ्यांचा पूर आला. आमची आधी खूश होती. मग कोणीतरी फार वाईट लिहिले, त्याखाली दुसऱ्याने त्याहून वाईट. व्हिडिओ काढून टाकायला तिने बोट उचलले, आणि तेवढ्यात मी बंद पडलो.

या घरात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे. मार्क कमी पडले, डोके दुखले, कोणी जेवायला वेळेवर आले नाही, की बाबा माझा प्लग काढतात. त्याने वरचे घरही बंद पडते, हे ते दर वेळी विसरतात. आमच्या मुलीकडे आईचा जुना फोन, त्यात सिमकार्ड नाही. माझ्याशिवाय तिचे पान हलत नाही.

"बाबा, एक मिनिट लावा ना."

"तुझं एक मिनिट मला माहीत आहे. जेव आधी."

कशासाठी हवे, ते मात्र तिला सांगवेना. घास तोंडात फिरत राहिला. इतक्यात दारात वरची आली.

"काका, नेट बंद आहे का? मैत्रिणी फोन करून हसतायत नुसत्या. काहीतरी बघ म्हणतायत."

बाबा ओशाळले. लावतो हं, विसरलोच बघ, असे म्हणत त्यांनी प्लगकडे हात नेला. आमची मुलगी ताटावरून उठली. गप्प राहून, मी सुरू होताच तिला पटकन सगळे पुसून टाकता आले असते.

"थांबा बाबा, लावू नका," ती म्हणाली. मग वरचीकडे वळली. "ते मीच टाकलंय. तू माझ्यासमोर भाषण म्हणत होतीस ना, ते."

वरचीने दारातच चपला काढल्या आणि ती आत आली.

"ला... लावा काका," ती म्हणाली. "मला बघायचंय."

दोघी एकाच फोनवर वाकून बसल्या. सुरू झाल्यावर मी पहिल्यांदा आणला तो तोच तुकडा. वरचीने तो पूर्ण पाहिला, खालचे शेरेही वाचले. मग आमच्या मुलीने तो काढून टाकला, पण तोवर कित्येकांनी आपापल्या फोनमध्ये ठेवून घेतला होता. वरची उठून वर गेली. या खोलीत तिचे भाषण पुन्हा ऐकू आले नाही, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

आता रोज संध्याकाळी आमची मुलगी तिला एक ओळ पाठवते. मी ती पोचवतो. उत्तर अजून आलेले नाही.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. फक्त एवढे लक्षात ठेवा, की तुम्ही द्याल ते मी नेऊन टाकतो, परत आणत नाही. मला थांबता येत नाही. तुम्हाला येते.