अंधारातला गट

आमच्या भोरच्या प्रयोगशाळेच्या आसपास एकही शेळी नाही, असं माझी सहकारी शुभ्रा दहा वेळा सांगते. खरंच आहे तिचं. तरी मी दिवा लावला की मला करडं ऐकू येतात.

आमचं औषध निळं. ते विषाणू मारतं, पण वर उजेड पडला तरच. अंधारात ते निव्वळ रंगाचं पाणी. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यावर करडांना मावा झाला होता. तोंडाला फोड येऊन ती दूध ओढेनात. मी औषध घेऊन गेले. तिथल्या रत्नाची करडं अंगणात, उन्हात होती. तिची जाऊ चंद्राबाई मात्र हा देवीचा आजार मानून कुणाची सावली पडू देत नव्हती. तिची सहा करडं बांबूच्या उपड्या डालग्याखाली, वर घोंगडं. आत हात घालून, चाचपून ती औषध लावायची.

मी ते घोंगडं पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. पण गुण उजेडामुळेच येतो हे दाखवायला अंधारातला एक गट लागतो, आणि तो मला आयता मिळाला होता. चार दिवसांनी सांगू, अशी मी मनाची समजूत घातली. शिकलेली माणसं असंच करतात.

चौथ्या दिवशी रत्नाची करडं दूध पीत होती. चंद्राबाईची सहाही गेली होती. त्यांच्या आया तटतटलेली कास घेऊन रिकाम्या डालग्याभोवती ओरडत फिरत होत्या. बाईच्या हातालाच दोष आहे, असं तिच्या नवऱ्याने, गेनूने ठरवलं आणि जनावरांना शिवायची तिला बंदी केली. मी तेव्हाही गप्प बसले. माझा शोधनिबंध छापून आला.

मागच्या आठवड्यात मला राहवेना. वर गेले. चंद्राबाई गोठ्यापासून लांब, एकटीच बसली होती. मी सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "म्हंजी घोंगडं काडलं आसतं तर जगली आसती?"

"हो."

"आन् माज्या हातात काय दोष न्हाई?"

"नाही."

तिने शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. ती उठली, मला घेऊन गेनूपुढे उभी राहिली.

"बाई, ह्ये समदं ह्यास्नी सांगा," ती म्हणाली. "आन् मग परत हितं येऊ नगा."