काच बदलल्यावर

मोबाइलची काच बदलली की आधी इंटरनेट बंद करायचं आणि मग अंगठा स्क्रीनभर, कोपऱ्याकोपऱ्यात घासून पाहायचा. बारा वर्षं मी हेच करतोय, वर लोकांना शहाणपणही शिकवतोय. मंगळवारी मुलीच्या शाळेतल्या मास्तरांच्या फोनवर अंगठा फिरवताना मात्र नेट चालूच राहिलं. गप्पा झोडत होतो, दुसरं काय!

तेवढ्यात काउंटरवरचा माझाच फोन वाजला. मुलीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर मास्तरांच्या नावाने व्हिडिओ आला होता. पूल कोसळतानाचा, सरकारने बंदी घातलेला. तो पुढे पाठवणाऱ्याला पोलिस घरातून उचलून नेत होते. माझाच अंगठा फिरताना तो मास्तरांच्या फोनवरून गेला होता, आणि काहींनी पाहिलाही होता. मी तो ग्रुपवरून लगेच डिलीट केला, साडेसहाला मास्तरांच्या हातात फोन दिला आणि मूग गिळून गप्प बसलो.

बुधवारी मास्तरांना भर वर्गातून नेलं.

तेव्हापासून दुकानासमोर कुणी नुसतं थांबलं तरी मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधत राहायचो. बायकोलाही काही बोललो नाही. शुक्रवारी दुपारी मास्तरांची बायको आली.

"या वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी पर्समधून पावती काढून काउंटरवर ठेवली. माझंच अक्षर. फोन घेतला चार वाजता, दिला साडेसहाला. व्हिडिओ गेला होता पाच वाजून दहा मिनिटांनी.

"ही चौकीवर दाखवली नाहीत?"

"निघालेच होते. भेटीत यांनी अडवलं. म्हणाले, त्यांची पोरगी माझ्या वर्गात आहे, पहिल्या बाकावर बसते. पावती त्यांची त्यांना देऊन टाक."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"ते विचारू नका, भाऊ. ऐकवणार नाही तुम्हाला."

त्या गेल्या. मी पावती फाडायला घेतली, खोटं कशाला सांगू! चिमटीत धरलीही. मग तो पहिला बाक डोळ्यांसमोर आला, आणि त्याच्यापुढची रिकामी खुर्ची. स्वतःचीच लाज वाटली. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

शटर ओढलं आणि बायकोला फोन लावला. "आज मुलीला शाळेतून तूच आण."

"का? उशीर होणार आहे का?"

"हो."

"किती?"

पावती खिशात होती. "माहीत नाही गं," मी म्हटलं आणि चौकीकडे चालू लागलो.