कार्यवाही झालेला एकमेव प्रश्न

छापखान्यातून आलेल्या सुट्या पानांतलं सहावं पान सहदेव धुरींनी बाजूला सारलं आणि त्यावरच्या आपल्याच हसऱ्या फोटोवर चहाचा कप ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने पानं उडत होती, त्यांना काहीतरी वजन हवं होतं.

पुस्तिकेचं नाव होतं ‘सभागृहात पाच वर्षे’. रविवारी प्रकाशन, मग घरोघर वाटप, आणि मग काय ती निवडणूक. मुलुंडच्या त्या तळमजल्यावरच्या गाळ्यात, आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात, सकाळपासून दोघंच बसली होती. टेबलाच्या एका बाजूला लाल पेन घेऊन सहदेव आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं सगळं कागदपत्र सांभाळणाऱ्या नीलमताई. नीलमताई आधी एका शाळेत कारकून होत्या. काना-मात्रेची चूक त्यांना भाजीतल्या खड्यासारखी लागायची.

विधानसभेत सहदेव शेवटच्या रांगेत बसत, दाराशेजारी. बोलायची पाळी यायची ती सगळ्यांचं बोलून झाल्यावर, मंत्री चहाला उठल्यावर. दोन मिनिटं होतात न होतात तोच अध्यक्षांची घंटा वाजायची. तरी गडी पाच वर्षं बोलत राहिला. गोराईच्या बोटीच्या फेऱ्यांवर बोलला, मिठागरालगतच्या डासांवर बोलला, कांदिवलीतल्या झाडांच्या छाटणीवर, पालिका शाळेतल्या मोडक्या बाकांवर, गणपतीत कोकणात जाणाऱ्या एसटीवर, स्मशानातल्या ओल्या लाकडांवर. पक्षातले लोक चेष्टेने म्हणत, धुरी म्हणजे किराणा दुकान, मागाल ते मिळेल. सहदेवना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते गिरणी कामगाराचं पोर. किराणा दुकानावाचून कुणाचं चालतं, असं ते मनात म्हणत.

त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण काचेत लावलं होतं. सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्या आमदारांची यादी. सहदेव धुरी त्यात नववे होते. त्या नऊच्या आकड्यावर त्यांचा भारी जीव. येणारा माणूस समोर बसला की त्याची नजर आपोआप तिथे जावी, अशा बेताने खुर्ची मांडलेली होती.

“तारांकित प्रश्न एकूण तीनशे बारा,” नीलमताई वाचत होत्या. “त्यातले कार्यवाही झालेले...”

“किती?”

“एक.”

सहदेवनी पेन खाली ठेवलं.

“एकच?”

“बाकीच्यांना ‘बाब तपासण्यात येत आहे’, नाहीतर ‘प्रश्न उद्भवत नाही’. खरोखर काही झालं असं हे एकच आहे, साहेब. छापखान्यातल्या माणसाने आपल्या बुद्धीने वेगळं पान केलंय त्याचं. चौकटीत.”

“बरं केलं. तेवढं तरी दिसू दे लोकांना. कशाबद्दल आहे?”

नीलमताईंनी चष्मा सावरला. वाचता वाचता त्यांचा आवाज मंदावत गेला.

“मुलुंड येथील महापालिकेच्या बंद वाचनालयाच्या खोलीत अनधिकृतपणे पाळणाघर चालविण्यात येत असून त्यामुळे परिसरातील रहिवाशांना त्रास होत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, सदर खोली रिकामी करण्याबाबत कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

“आणि उत्तर?”

“होय, हे खरे आहे. सदर खोली रिकामी करून सील करण्यात आली आहे.”

पंख्याने एक पान उचलून जमिनीवर टाकलं. ते उचलायला कुणीच वाकलं नाही.

ते पाळणाघर मालन खरातचं होतं. सहदेव त्या खोलीत दोनदा जाऊन आले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली मुलांनी रंगवलेले मासे, कोपऱ्यात गाद्यांची चळत. आसपासच्या सोसायट्यांत धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका सकाळी आपली पोरं तिथे सोडून कामाला जात. सव्वीस पोरं होती. आठ महिन्यांपूर्वी पालिकेची माणसं आली, पोरांना बाहेर काढलं आणि दाराला लाखेचं सील ठोकून गेली. गाद्या आत, स्टीलचे पेले आत, कुणाकुणाच्या चपलासुद्धा आत राहिल्या. कुठल्या तरी सोसायटीवाल्याने तक्रार केली असणार, असं सहदेवनी तेव्हा गृहीत धरलं होतं.

“ह्यां काय आता?” त्यांच्या तोंडून मालवणी निघून गेली. ती फक्त घरी आणि घाबरल्यावर निघायची. “नीलमताई, हा मी विचारला?”

“चार नावं आहेत. पहिलं हर्षदभाईंचं, दुसरं आपलं.”

शेजारच्या मतदारसंघातले आमदार हर्षदभाई. प्रश्न घालायची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. अधिवेशन आलं की एकाच्या प्रश्नावर दुसऱ्याने नाव घालायचं, दुसऱ्याच्या प्रश्नावर पहिल्याने. चिठ्ठीत कुणाचा तरी नंबर लागतो, आणि लागला की सगळ्यांच्या नावावर जमा. मग दर वेळी सही मागत कोण फिरणार? म्हणून सहदेव अधिवेशनाआधी पन्नासेक कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गठ्ठा ठेवून देत. कोणाच्या ऑफिसातून फोन आला की नीलमताई त्यातले काढून पाठवत. नववा नंबर काही उगाच आला नव्हता.

“तुम्ही पाठवलात तो फॉर्म,” सहदेव म्हणाले.

“मीच पाठवला असणार. कोराच पाठवतो ना आपण. मजकूर ते लोक भरतात.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सहदेवनी चौथं पान शोधून काढलं. त्यावर त्यांचं महिला व बालविकासावरचं भाषण होतं. माननीय अध्यक्ष महोदय, चार घरची भांडी घासणाऱ्या बाईने आपलं मूल कुठे ठेवायचं? घंटा वाजूनही त्यांनी ते पूर्ण केलं होतं. सभागृहात तेव्हा अकरा माणसं होती आणि त्यांतलं एक झोपलेलं. पाच वर्षांतलं हे एक भाषण त्यांनी मनापासून केलं होतं, आणि ते त्यांना अजून पाठ होतं. तारीख पाहिली. त्या भाषणानंतर अकराच दिवसांनी खोली सील झाली होती.

मग त्यांना अकरावं पान आठवलं आणि ते बघायचा धीर होईना. त्या पानावर त्यांचा दवाखान्यातला फोटो होता. पाळणाघर बंद झाल्यावर चंपा नावाची बाई आपल्या चार वर्षांच्या लेकीला घरात ठेवून बाहेरून कडी लावून कामाला जायची. एक दिवस पोर ओट्यावर चढली आणि उकळतं पाणी हातावर घेतलं. सहदेव मोसंबी घेऊन भेटायला गेले होते. फोटोत चंपा त्यांच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती. गरीब बाई, लाजली असेल, असं त्यांना वाटलं होतं.

“काढून टाका ही चौकट,” ते म्हणाले.

“काढते. पण विधिमंडळाच्या कागदात राहीलच ना.”

“ते कोण वाचतंय?”

नीलमताई पानाची घडी करत म्हणाल्या, “मी तरी कुठे वाचलं, साहेब. आठ महिने मालनताई इथे येतात, मी त्यांना पाणी देते.”

आणि नाव काढायला आणि माणूस यायला एकच गाठ पडली. काचेचं दार ढकलून मालन खरात आत आली. पन्नाशीची, ठेंगणी बाई, हातात प्लॅस्टिकची फाइल. दर पंधरा दिवसांनी ती यायची. कधी आवाज चढवला नाही, कधी रडली नाही. सहदेवना तिच्या ह्या शांतपणाचं नेहमी बरं वाटायचं.

“जयभीम भाऊ. कामात आहात काय?”

“जयभीम, मालनताई. या ना, बसा.”

नीलमताई पाणी आणायला उठल्या, त्या पुन्हा टेबलापाशी यायलाच तयार नव्हत्या. माठाजवळच उभ्या राहिल्या.

“तिसरा अर्ज आणलाय,” मालन म्हणाली. “आधीचे दोन वॉर्डातून परत आले. साहेब लोक हसतात तिथे. म्हणतात, ज्यांनी बंद करायला लावलं, तेच आता उघडा म्हणतात. त्यांना म्हणावं एकदा स्वतः येऊन सांगा. म्हणून ह्या वेळी तसंच लिहिलंय, की तुम्ही स्वतः येणार. जमेल ना? पोरींचे फार हाल आहेत, भाऊ. चंपाच्या लेकीचा हात अजून सरळ होत नाही.”

तिने अर्ज पुढे ठेवला. खाली डावीकडे तिचं नाव, उजवीकडे शिफारस म्हणून आमदारांच्या सहीची जागा. असे कागद दिवसाला चाळीस यायचे. शाळेचा प्रवेश, दवाखान्याची सवलत, नळाची जोडणी. सहदेवचा हात सवयीने पेनाकडे गेला, सवयीने त्या उजव्या कोपऱ्यात गेला, आणि टोक कागदाला टेकायच्या आधी थांबला. आज ह्या हाताचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि अर्ज वरून वाचायला घेतला.

पहिल्या परिच्छेदात खोलीचा पत्ता होता. दुसऱ्यात मुलांची संख्या. तिसरा परिच्छेद दोन ओळींचा होता.

‘आमचे आमदार श्री. सहदेव धुरी यांनी विधानसभेत विचारलेल्या प्रश्नावरून ही खोली सील करण्यात आली. सदर प्रश्न चुकीने विचारला गेला हे त्यांना मान्य असून त्यांनी ह्या अर्जावर सही केली आहे.’

सहदेवनी ते दोनदा वाचलं. मान वर केली तर मालन त्यांच्याकडेच बघत होती. कागदाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे.

“हे...” ते म्हणाले, “हे आधीच्या अर्जातही होतं?”

“दोन्हीत. हेच शब्द.”

गाळ्याबाहेर एका रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला आणि सोडला.

“म्हणजे तुम्ही वाचलं नव्हतं,” मालन म्हणाली. तिने काही विचारलं नव्हतं, तिला कळलं होतं.

“मालनताई, तो प्रश्न मी घातला नव्हता. म्हणजे सही माझी आहे, पण मजकूर दुसऱ्याचा. मला आज कळलं. ह्या खुर्चीत बसून, आत्ता, तासाभरापूर्वी. देवाशपथ.”

हे खरं होतं, अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि बोलताना त्यांना ते भलतंच खोटं वाटलं.

मालनने पदराने तोंड पुसलं. ती बोलली तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता.

“माझ्या लेकीने, दीप्तीने माहिती काढली होती कागद मागवून. अर्ज तिनेच लिहिला. मी तिला म्हटलं, बाई, असं नाव घालून लिहू नको, आमदार माणूस आहे, सही करायचा नाही. तर तुम्ही अर्ध्या मिनिटात केलीत. वर म्हणालात, झालं ते वाईट झालं मालनताई, मी बघतो.”

सहदेवना ते वाक्य आठवलं. ते हे वाक्य सगळ्यांनाच म्हणत.

“मी घरी गेले आणि सगळ्या बायकांना गोळा करून सांगितलं,” मालन पुढे म्हणाली. “म्हटलं, चुकतं माणसाच्या हातून. पण एवढा मोठा माणूस, लिहून कबूल केलं त्याने. असं कोण करतं? चंपा दवाखान्यात तुमच्या तोंडावर बोलणार होती. कॅमेऱ्यासमोर. मी तिचा हात दाबला. आठ महिने मी तुमच्यासाठी भांडतेय, भाऊ. आमच्याच लोकांशी.”

माठाजवळ पेल्यावर पेला आपटला. नीलमताईंनी पाणी भरलंच नव्हतं.

डासांवर सहदेवना बोलता येत होतं, बाकांवर, बोटींवर, ओल्या लाकडांवर बोलता येत होतं. शेवटी त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि अर्ज जवळ ओढला.

“देतो सही. आणि मी येतो वॉर्डात. उद्याच येतो. तुम्ही म्हणाल तेव्हा.”

मालनने आपला हात कागदावर ठेवला. कामाने चिरलेला, रुंद हात. सहीची जागा त्याखाली झाकली गेली.

“सही नको,” ती म्हणाली. “सह्या दोन आहेत माझ्याकडे. तुम्ही आधी वाचा.”

“वाचलं मी.”

“मोठ्याने वाचा. त्यांना पण ऐकू दे.” तिने मान न वळवता माठाकडे खूण केली. मग खुर्ची टेबलापासून थोडी मागे घेतली आणि हातांची घडी घालून बसली. नजर समोर होती, पण त्यांच्या डोक्यावरून मागच्या काचेतल्या कात्रणाकडे मात्र गेली नाही.

सहदेवनी कागद दोन्ही हातांनी धरला. घसा साफ केला. खोलीचा पत्ता वाचला. मुलं सव्वीस, वय दीड ते सहा वर्षं, हे वाचलं. तिसऱ्या परिच्छेदाशी आले. “आमचे आमदार श्री. सहदेव...” एवढं वाचलं आणि ते थांबले. सवयीने त्यांचे कान घंटेची वाट पाहत होते.

“पुढे,” मालन म्हणाली.